दुसरा जिना

आमच्या धंद्यात रिकामा प्लॉट बघायची एक रीत आहे. आमच्या म्हणजे आम्हा दोघांच्याच. बाकीचे बिल्डर टेप आणि वकील घेऊन जातात, आम्ही घडीची खुर्ची घेऊन जातो. उद्या स्वयंपाकघर जिथे येईल असं वाटतं तिथे नवरा खुर्ची उघडतो आणि मी तिच्यावर बसते. ऊन कुठून येतं, वारा कुठल्या अंगाने शिरतो, समोरच्यांना आपल्या ताटातलं काय काय दिसेल, गटाराचा वास कुणाच्या वाट्याला जाईल, हे उभ्याने कळत नाही. उभा माणूस कायम निघायच्या बेतात असतो. मी बसून राहते, ते लांब उभे राहून माझ्याकडे बघत राहतात, आणि केव्हातरी मी हात पुढे करून म्हणते, इथे खिडकी. ते कागदावर खूण करतात. खिडक्या माझ्या, भिंती त्यांच्या. लग्नानंतर धंदा सुरू केला तेव्हापासूनची ही वाटणी. धंदाही दोघांच्या नावावर आहे, म्हणजे प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या लागतात. एरवी ही नुसती कटकट असते.

आजवर आम्ही बांधली ती एकेकट्याची घरं. कुणाला एक खोली वाढवून हवी, कुणाला माळा, कधीमधी एखादा बंगला. नवऱ्याच्या मनात मात्र किती तरी वर्षांपासून एक अख्खी इमारत होती. आठ बिऱ्हाडं, खाली गाड्या, वर गच्ची. रिक्षात, दवाखान्याच्या रांगेत, दुसऱ्यांच्या लग्नात, कुठेही त्यांच्या हाताला कागद लागला की त्यावर ही इमारत उगवायची. माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहतात आणि तरी भांडत नाहीत अशी इमारत बांधायची आहे, असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, अशी इमारत बहुतेक रिकामी असते.

मग हा प्लॉट आला. शहराच्या मधोमध, बंद पडलेल्या छापखान्याच्या भिंतीला लागून, कोपऱ्यावरचा. जुनं घर पाडून बराच काळ लोटला होता. गुडघ्याएवढं गवत, गवतातून मध्येच डोकावणारे फरशीचे तुकडे, आणि कशालाच न जोडलेला, उभ्या पाइपावरचा एक नळ. आठ बिऱ्हाडांना नेमकी पुरेल एवढी जागा, आणि आमच्या आवाक्यातली, कारण मालकिणीला एक फ्लॅट आणि उरलेलेच पैसे हवे होते. एक मोठा बिल्डर तिच्या मागे लागला होता, पण म्हणे ती किमतीपेक्षा माणूस बघून देणार होती. हा हातचा गेला तर आमच्या वयात दुसरा मिळायचा नाही, हे आम्हा दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी मला जाता आलं नाही. दुसऱ्या कामावर फरशीवाल्याने न्हाणीघराचा उतार दाराकडे काढून ठेवला होता, आणि त्याच्या डोक्यावर उभं राहिल्याशिवाय तो फरशी उखडणार नव्हता. नवरा म्हणाला, मी नुसती नजर टाकून येतो. खुर्ची गाडीतच होती.

संध्याकाळी घरी आले तर टेबलावर कागद, आणि कागदावर सगळ्या खिडक्यांच्या खुणा झालेल्या.

या कुणी काढल्या, म्हणून मी विचारलं. ते हात धूत होते. मालकीणबाई आल्या होत्या, त्या बसल्या, म्हणाले. बिचाऱ्या किती वेळ उभ्या राहणार, खुर्ची होतीच. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की जणू कुणाला छत्री दिली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खिडक्या बरोबर होत्या. एखादी तरी चुकीची निघाली असती तर मी त्या बाईला तिथल्या तिथे माफ करून टाकलं असतं.

त्यानंतर ते रोजच प्लॉटवर जायला लागले. मालकीणबाईंची आठवडाभरात बाई झाली, आणि बाईंच्या नुसत्या 'त्या' झाल्या. त्या म्हणाल्या छापखान्याकडून थंडीत उबारा येतो. त्या म्हणाल्या गच्चीला कठडा उंच हवा. आमच्या घरात ज्याचं नाव घ्यायची गरज पडत नाही असं माणूस आजवर एकच होतं, आणि ते मी होते.

शिवाय पँटला कुसळं येईनाशी झाली. आधी कुठलाही प्लॉट बघून आले की त्यांच्या पँटच्या पायांना गवताची कुसळं चिकटलेली असायची, आणि ती वेचत बसणं हे माझं काम. आता रोज प्लॉटवर जाऊन पँट कोरी. म्हणजे गवतात कुणी उभं राहतच नव्हतं. कुठेतरी बसणं होत होतं, आणि तेही छपराखाली.

खुलासा नणंदेकडून झाला. माझी नणंद त्याच रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानात कामाला आहे आणि तिच्या काउंटरवरून अर्धं शहर दिसतं. ती मुद्दाम आली. वहिनी, तुला सांगू की नको असं झालंय, म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता सांगून मोकळी झाली. प्लॉटच्या समोर ती बाई भाड्याने राहते. दादा तिच्या व्हरांड्यात चहा पितो. बाई आधी तलावावर पोहायला शिकवायची. केस पांढरे, कापलेले, पाठ अशी ताठ की बघणाऱ्याने आपलीही सरळ करावी. नवरा होता, आता नाही. कुठे गेला ते ठाऊक नाही. मग माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. वयाने तुझ्यापेक्षा मोठीच असेल गं, म्हणाली. आणि थोडं थांबून, वाटत मात्र नाही.

मी नवऱ्याला विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. हो, चहा होतो. हो, व्हरांड्यात. आल्याचा असतो आणि चांगला असतो. त्यांनी काही लपवलं असतं तर मला निदान भांडता आलं असतं. हे असं सगळं उघड्यावर मांडून ठेवलं की माणसाने जळावं तरी कशाच्या आडोशाने?

पण जळत होते. भाजी चिरताना, फरशीवाल्याशी हुज्जत घालताना, आरशासमोर. आरशासमोर तर फारच. मी पाठ ताठ करून बघितली आणि कमरेत उसण भरली.

शेवटी ठरवलं की प्लॉटच वाईट काढायचा. आजवर मी नापसंत केलेली जागा नवऱ्याने कधी घेतली नव्हती. बाईबद्दल मला काही बोलता येत नव्हतं, पण वाऱ्याबद्दल, उन्हाबद्दल, गटाराबद्दल माझ्या शब्दाला किंमत होती. एका दुपारी ते वकिलाकडे गेले असताना मी खुर्ची घेतली आणि बसने निघाले. खुर्ची हातात धरून बसमध्ये उभी असलेली बाई लोकांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, ही मोडकी आहे का?

प्लॉटवर पोचले. गवतात पाय घालून हिंडले. कोपऱ्यात त्या नळाजवळ फरशीचा एक मोठा तुकडा शाबूत होता, निळसर, गुळगुळीत. नळ आहे, फरशी आहे, म्हणजे जुन्या घराचं स्वयंपाकघर इथेच असणार. मी खुर्ची टाकली, बसले, आणि दोष शोधायला लागले.

ऊन खांद्यावर येत होतं, डोळ्यात नाही. वारा छापखान्याच्या भिंतीला थडकून वळत होता आणि अगदी बेताने अंगावर येत होता. रस्त्याचा आवाज होता, पण सोबतीएवढा. वास कसलाच नव्हता. मी नाक वर करून परत परत हुंगलं. इतक्या जागा पाहिल्या, पण उन्हावर राग आल्याचं मला आठवत नाही; त्या दिवशी आला. मी हट्टाने बसून राहिले, की कधीतरी एखादी माशी तरी येईल.

माशी आली नाही, ती दोघं आली. वकिलाचं काम लवकर आटोपलं होतं. रस्ता ओलांडून, बोलत, माझ्याच दिशेने. मला उठायला हवं होतं, पण खुर्चीतून उठायला मला हल्ली जरा तयारी लागते, आणि तेवढ्यात ती जवळ आलीसुद्धा. खरोखरच ताठ पाठ. पोहणाऱ्या बाईचे असतात तसे खांदे. तिने मला बघितलं, मग माझ्या पायाखालची फरशी बघितली, आणि अगदी प्रेमाने म्हणाली,

"तुम्ही आमच्या संडासात बसलात."

नवरा हसला. मोठ्याने हसला. लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत हसायचा तसा. मी पण हसले. न हसून काय करणार. दात माझे होते, पण बाकी काही माझं नव्हतं त्या हसण्यात.

मग तिने घर दाखवलं. म्हणजे नसलेलं घर. हा व्हरांडा, हे पुढचं दार, इथे माझ्या वडिलांचा पलंग. ती गवतातून चालत होती, आणि माझा नवरा तिच्या मागून. मी खुर्ची घडी करून उभी राहिले आणि बघत राहिले. तिने एका जागी किंचित मान वाकवली, तर त्यांनीही वाकवली; तिथला दरवाजा बुटका होता. एका जागी ती वळसा घालून गेली, तर तेही वळसा घालून गेले. तिथे म्हणे भिंत होती. त्यांना ती सगळी वाट पाठ झाली होती. आमच्या बैठकीतले पडदे मी बदलले त्याला महिना झाला होता, आणि ते अजून त्यांच्या लक्षात आले नव्हते. इथे मात्र पाडलेल्या भिंतीला खांदा लागू नये म्हणून माणूस अंग चोरत होता.

मला मधे कुठेही जाता येईना. मला भिंती ठाऊक नव्हत्या.

घरी परतताना गाडीत त्यांनी आनंदाने सांगितलं की बोलणी ठरल्यात जमा आहेत. मोठ्या बिल्डरला ती नकार देणार आहे. फ्लॅट तिला पहिल्या मजल्यावरचा हवा, कोपऱ्यातला, कारण जुन्या घरात लहानपणी तिची खोली त्याच उंचीवर होती आणि त्या उंचीवरून दिसणारं झाड अजून आहे. आणि आमचाही फ्लॅट पहिल्या मजल्यावरच ठरलेला, माझ्या गुडघ्यांसाठी. लिफ्ट आम्हाला परवडणारी नव्हती. मजल्यावर दोन फ्लॅट, मधे जिना. म्हणजे त्यांचं दार आणि आपलं दार समोरासमोर, नवरा म्हणाला. बरंच झालं ना, तुलाही सोबत.

मी विचारलं, दार उघडलं की दार?

ते म्हणाले, हो, मधे फक्त पायपुसणं.

मी घरी येऊन सांगितलं की मी विचार करते. आमच्या घरात हे वाक्य मी वीस-बावीस वर्षांत कधी वापरलेलं नव्हतं, कारण माझा विचार होऊन गेलेला असतो. त्यांना ते कळलं. करारावर माझी सही नसेल तर प्लॉट नाही, हेही कळलं. पण त्यांनी गळ घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की बाईंना सोमवारी उत्तर द्यायचं आहे, आणि तू नाही म्हणालीस तर मी त्यांना नाही म्हणून सांगेन. आणि खरंच सांगितलं असतं. ते तसे आहेत. मग प्लॉट मोठ्या बिल्डरला गेला असता, आणि आम्ही लोकांचे माळे काढत म्हातारे झालो असतो, आणि त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नसता. ते न लावलेले बोल मला आत्ताच ऐकू यायला लागले होते.

नणंदेकडे गेले, तर तिने सल्ला दिला की सही करू नकोस. तिचं म्हणणं, पुरुषाला या वयात डोळ्यांसमोर काही ठेवू नये. तिचा नवरा समोरच्या खोलीत बसून कोडं सोडवत होता. त्याने विचारलं, मला काही म्हणालीस? तुला काय म्हणणार, असं ती म्हणाली, आणि मला वाटलं, हिच्याकडे सल्ला मागायला आपण आलो तरी कशाला.

रविवारी सकाळी ते पेन्सिलींना टोक करत बसले होते. नकाशा समोर नव्हता. काढायला काही नव्हतं, तरी एकामागून एक पेन्सिल. मी समोर जाऊन बसले.

"तुम्हाला तिथे बरं वाटतं?"

त्यांनी वर बघितलं. थापा मारता येत असत्या तर हा माणूस केव्हाच मोठा बिल्डर झाला असता.

"हो," ते म्हणाले.

"असतं काय तिथे?"

"काही नाही गं. मी बोलतो. त्या ऐकतात."

"आणि इथे?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "इथे तुला आधीच ठाऊक असतं. मी तोंड उघडलं की वाक्य तू संपवतेस. आणि बरोबर संपवतेस. मग मी काय बोलू?"

मी गप्प बसले. म्हणजे मला बसावंच लागलं. पुढचं जे काही बोलले असते ते त्यांचंच वाक्य झालं असतं. दुसरं काही असतं तर मी त्या बाईच्या झिंज्या उपटल्या असत्या, कापलेल्या असल्या तरी. पण हे? माझ्या नवऱ्याची वाक्यं, जी मी इतकी वर्षं हुशारी म्हणून अर्ध्यावर तोडत आले, ती समोरच्या व्हरांड्यात जाऊन सावकाश पूर्ण होत होती. ती बाई त्यांची अख्खी वाक्यं ऐकत होती. सुरुवात, मधला अडखळा, शेवट. मला हेवा वाटला तो या शेवटांचा. लग्नाच्या बायकोला न मिळालेली वाक्यं, आल्याच्या चहाबरोबर.

बराच वेळ मी टोकाचा कचरा बोटाने गोळा करत होते. मग म्हणाले,

"मी सही करते. पण जिने दोन हवेत."

"दोन कशाला? आठ बिऱ्हाडांना?"

"हवा खेळेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी वाक्य त्यांनी संपवलं, मनातल्या मनात, आणि बरोबर संपवलं. मला दिसलं ते. मग ते उठले. नकाशा आणला, पसरला, आणि काढायला लागले. बाईंच्या बाजूच्या फ्लॅटना एक जिना, आमच्या बाजूच्यांना एक, मधे वरपासून खालपर्यंत भिंत. प्रत्येक मजल्यावर प्रत्येक जिन्याला एकच दार. त्यांच्याकडून आमच्याकडे यायचं तर खाली उतरायचं, फाटकापर्यंत जायचं, वळायचं, आणि परत चढायचं. मी खुर्ची ओढून जवळ बसले. नुसती रेघ बघूनसुद्धा मला बरं वाटत होतं.

दुपारी त्यांचा हात थांबला.

"जिना इथेच बसतो," ते म्हणाले. खाली गाड्यांसाठी उंची जास्त, म्हणून पहिला टप्पा लांब पडत होता, आणि तो नेमका पहिल्या मजल्यावरच्या आमच्या ओट्यासमोरून वर जात होता. वरच्या बिऱ्हाडांच्या खिडक्या वाचत होत्या. माझी वाचत नव्हती. "तुझ्या ओट्याला खिडकी राहत नाही."

मी कागद वळवून बघितला. उलटा करून बघितला. ओटा हलवला तर संडास मधे येत होता. त्या प्लॉटवर माझं नशीबच तसं. वरचा मजला घ्यावा तर गुडघे. एकाच जिन्यावर यावं तर खिडकी होती, अशी की खुर्चीवर बसून मी स्वतः निवडली नसती इतकी चांगली, सकाळचं ऊन आणि छापखान्यावरून वळून येणारा वारा. ती तिनेच निवडली होती, पहिल्या दिवशी. खूण अजून कागदावर होती.

लोकांच्या स्वयंपाकघरांना मी आयुष्यभर खिडक्या दिल्या. भाड्याच्या घरात माझा ओटा भिंतीकडे तोंड करून आहे, आणि इमारत झाली की माझी मला मिळणार, हे मी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं. ते पेन्सिल वर धरून वाट बघत होते. खूण खोडायची की जिना, एवढंच विचारत होते, आणि तेही न बोलता.

"खोडा," मी म्हणाले.

सोमवारी वकिलाच्या खोलीत तिच्यासमोर नकाशा पसरला. ती चष्मा लावून वाकली. नकाशा वाचता येणाऱ्या बायका कमी असतात. तिला येत होता. बोट फाटकावरून निघालं, एका जिन्याने वर गेलं, भिंतीशी थांबलं, परत खाली आलं आणि दुसऱ्या जिन्याने चढलं. मग तिने नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चोराला दिवाणखान्यात बसवून चहा द्यावा तसं वाटत होतं.

वकील म्हणाले, दोन जिने म्हणजे जागा वाया जाते. नवरा म्हणाला, हवा खेळते. वकिलांनी खांदे उडवले.

"आमच्या घराला एकच जिना होता," ती म्हणाली. तिचं बोट अजून त्या भिंतीवर होतं. "खाली आम्ही दोघं. वर माझी धाकटी बहीण." वकील पान उलटायचे थांबले. "तेव्हा कुणाला सुचलं नाही हे," ती म्हणाली, आणि चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

तिचा नवरा कुठे गेला ते मला कळलं. माझ्या नवऱ्याला कळलं की नाही कोण जाणे. ते गच्चीच्या उताराचं काहीतरी समजावून द्यायला लागले होते. पहिल्यांदाच ती त्यांचं ऐकत नव्हती. मी सही केली, तिने केली, त्यांनी शेवटी केली. बाहेर पडताना दारात ती जरा मागे राहिली आणि मला विचारलं, तुमची खिडकी गेली ना यात? मी म्हटलं, गेली. तिने मान हलवली. गोड काही बोलली नाही, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे. तिच्याशी मैत्री करायचा माझा काही विचार नव्हता. आजही नाही.

इमारत झाली. आठही बिऱ्हाडं भरली. एजंट लोकांना दोन जिने दाखवत फिरला. शेजाऱ्यांचा त्रास नाही, प्रत्येक मजल्यावर तुमचं एकट्याचं दार, असा खासगी थाट बंगल्यातही मिळायचा नाही. लोकांना ते इतकं पटलं की आता दुसऱ्या प्लॉटचे मालक आमच्याकडे येऊन दोन जिन्यांची इमारत मागतात. नवरा गंभीरपणे सांगतो, ही आमच्या मिसेसची कल्पना.

माझ्या ओट्यावर दिवसाही दिवा लावावा लागतो. समोर भिंत, भिंतीपलीकडून जिना. कोण चढलं, कोण उतरलं, पावलांवरून ओळखू येतं. पण खिडकी नसल्यामुळे एक झालं आहे, ज्याचा मी नकाशा बघताना विचार केला नव्हता: ते खाली उतरल्यावर फाटकाशी डावीकडे बाजारात वळले की उजवीकडे दुसऱ्या जिन्याकडे, हे मला दिसत नाही. शेवटच्या पायरीपर्यंत पाऊल ऐकू येतं, आणि मग काही नाही. असलेली खिडकी मी दिली आणि त्या बदल्यात हे घेतलं. कांदा चिरता चिरता मी कान लावून उभी असते, आणि कांद्याला दोष देते.

परवा तिचा नळ गळत होता. तिने फोन केला, नवऱ्याने पाना घेतला आणि ते गेले. या वेळी निदान ठाऊक होतं कुठे. मी कणीक मळली. मळून झालेली परत मळली. नळाला किती वेळ लागतो हे बिल्डरच्या बायकोला कुणी सांगायला नको, आणि तेवढा वेळ केव्हाच होऊन गेला होता. दुरुस्ती झाली असणार, चहा झाला असणार, आता वाक्यं चालू असणार. मी इतकी चिडले की कणकेवर झाकण आपटलं आणि ते गडगडत खाली गेलं.

मग जिन्यावर पाऊल वाजलं. ते आत आले, पाना ओट्यावर ठेवला. मी तो उचलून खाली ठेवला. ते स्टुलावर बसले आणि सांगायला लागले. नळ साधा दिसतो पण आतून कसा जुन्या घडणीचा होता. त्या म्हणाल्या की बदलूनच टाका. पण मी म्हटलं, थांबा, आधी बघू तरी, कारण पाणी गळत होतं ते दांड्याकडून नव्हतं, खालून होतं, म्हणजे...

वायसर झिजला असणार. खालून गळतं तेव्हा वायसरच असतो. ते माझ्या अगदी जिभेच्या टोकाशी आलं. मी गॅस बारीक केला, दुसरं स्टूल ओढलं, आणि दात दाबून बसले.

"म्हणजे?" मी म्हणाले.

ते जरा चकित झाले. मग सावरून बसले. आधी नळाच्या कंपनीबद्दल बोलले, मग पूर्वी पितळ कसं जाड असायचं ते, मग एकदा एका बंगल्यात असाच नळ होता तिथे काय गंमत झाली होती ती, जी मी तिथे हजर राहून पाहिली होती. बरेच वळसे घेत, मधे दोनदा रस्ता चुकत, ते सावकाश वायसरापर्यंत आले.